निळ्या दोऱ्याने शिवलेला खिसा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साताऱ्याच्या थोरल्या भावाला नाही. देवापुढे डोळे मिटून उभा असतानाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी बोलत राहायचो, मुलीची परीक्षा, आईचे गुडघे, असलं काही. आज लिहायला बसलो तेव्हा कळलं, की ह्या गोष्टीसाठी माझ्याकडे वाक्यंच नाहीत. कधी जुळवलीच नाहीत. त्यामुळे सरळ सांगता येईल असं वाटत नाही. पण सांगतो.

खिशापासून सुरू करतो.

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक काळा शर्ट आहे. पांढरी कॉलर, छातीवर दोन खिसे. फुटबॉलच्या रेफरीचा शर्ट. डावा खिसा निळ्या दोऱ्याने शिवलाय, कारण त्या संध्याकाळी घरात काळा दोरा नव्हता. टाके बारीक आहेत, एकसारखे. माझ्या बायकोने, शोभाने घातलेले. ते घालताना तिच्या मनात माझ्याविषयी काय होतं, ते मला माहीत होतं. मी समोरच बसलो होतो — दूध पीत.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही जुईनगरला राहायचो, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी एका कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, वहीत नंबर टाकायचा, पत्र पुढे सरकवायचं. पत्रात काय लिहिलंय ते वाचणं माझं काम नव्हे. दिवसभरात लोक माझ्याशी जे बोलायचे ते "जाधव, तो गठ्ठा कुठंय?" एवढंच. तक्रार म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

आणि रविवारी मी रेफरी होतो. कॉलेजात थोडंफार खेळलेलो, गुडघा गेला, मग रेफरीची परीक्षा दिली. तेव्हा आमच्याकडे इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. खाडीकडेच्या गावांच्या टीम, सेक्टरांतल्या मंडळांच्या टीम, मार्केटमधल्या माथाड्यांची एक टीम. रविवारी दुपारी लीगच्या मॅच. मी सायकलवर जायचो. माझ्या दुप्पट दंडाची माणसं मैदानात — आणि मी शिट्टी फुंकली की सगळी थांबायची. सगळी. आठवड्याचे सहा दिवस ज्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, त्याने गालात हवा भरून एक फुंकर मारावी आणि बावीस माणसं जागच्या जागी उभी राहावीत — त्याचं काय होतं, सांगता येईल? मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच म्हणतो, की रविवारी सकाळपासून माझा हात शिट्टी चाचपत असायचा.

घरी आमची मंजू, चार वर्षांची. शोभा डी.एड. झालेली. लग्नाआधी वर्षभर वाईच्या एका शाळेत शिकवलेलं. मंजू मोठी झाली की परत नोकरी बघायची, असं आमचं ठरलेलं होतं. म्हणजे तिचं ठरलेलं होतं, मी मान हलवली होती.

रविवार हा घराचा एकच दिवस. तुंबलेली मोरी, मंजूची बाग, शोभाच्या बहिणीकडे कोपरखैरण्याला जाणं, सगळं रविवारवर ठेवलेलं. मी सायकल बाहेर काढली की शोभा दारात यायची. म्हणायची, "लवकर या हं." भांडायची नाही. मी "हो" म्हणायचो आणि उशिरा यायचो. कधी पंधरा मिनिटं, कधी तासभर. मॅच संपली तरी मैदानातून पाय निघायचा नाही. कुणीतरी खुर्ची आणायचं, कुणीतरी चहा. "सर, तो ऑफसाइड होता ना?" मी समजावून सांगायचो. माझं बोलणं संपेपर्यंत दहाजण गप्प उभे असायचे.

वाक्यंच नाहीत म्हणालो, आणि बघा — किती बोलतोय. मुद्द्याशी येत नाहीये. येतो.

आमच्याकडे एक नवी मराठी शाळा निघाली होती. शोभाने अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं — रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, कारण शाळेचे विश्वस्त आपापल्या नोकरीधंद्यातून रविवारीच मोकळे. जागा एकच. पण तिच्या अनुभवाचा दाखला बघून तिथल्या बाईंनी म्हणे आधीच सांगितलं होतं, "तुम्ही फक्त या." शोभाने हे मला दोनदा सांगितलं. एकदा पोळ्या लाटताना, एकदा झोपताना.

आणि त्याच आठवड्यात मंजूच्या अंगावर कांजिण्या उठल्या. शेजारी ठेवायची सोय राहिली नाही. सगळ्यांची लहान मुलं, कोण घेणार? बहिणीच्या घरीही बाळ. म्हणजे मी घरी असणं हाच एक मार्ग. त्या रविवारी मला मॅच होती, पण दुपारी दोनची. साडेतीनपर्यंत संपते. चार वाजता मी घरी. मी शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "चार म्हणजे चार." शोभा हसली. म्हणाली, "तुमच्या दोन घड्याळांतलं कुठलं चार?"

हे समजलं पाहिजे. रेफरी दोन घड्याळं बांधतो. निदान मी बांधायचो, दोन्ही मनगटांवर. एक सतत चालू. दुसरं, खेळ थांबला की थांबवायचं, सुरू झाला की सुरू करायचं, म्हणजे वाया गेलेला वेळ शेवटी भरून देता येतो. हे का सांगतो? तर, 'वेळेचं भान राहिलं नाही' असं लोक म्हणतात, ते वाक्य मला वापरता येत नाही म्हणून.

मॅच साडेतीनच्या आत संपली. मी बूट सोडत होतो. तेवढ्यात खाडीकडेच्या गावाच्या टीमचा कॅप्टन आला. पुढच्या मॅचचा रेफरी आलेला नव्हता. तेव्हा फोन कुठे सगळ्यांकडे? तो आला नाही म्हणजे नाही आला. मैदानाबाहेर दोन टीम तयार उभ्या, बायापोरं बघायला आलेली.

"जाधव सर, तुमीच घ्या ना. तुमच्याबगर कोन घेनार?"

मी घड्याळात बघितलं. डाव्याही आणि उजव्याही.

आणि बुटांच्या नाड्या परत बांधल्या.

का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की लोकांची अडचण होती, भिडेखातर. ते खरं नाही. आग्रह कुणी केलाच नाही, एकदा विचारलं फक्त. नाड्या बांधताना माझ्या मनात काय होतं ते मला स्पष्ट आठवतं. शोभाला शाळा लागली, की सहा दिवस ती बाहेर. मग रविवार तिचा. मग रविवारी घर मी सांभाळायचं, वह्या ती तपासणार. मग सायकल कुठली आणि शिट्टी कुठली. हे मी असं शब्दांत मांडलं नव्हतं. पण ते तिथे होतं. नाडीची गाठ मारेपर्यंत ते माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याच्याकडे बघून गाठ मारली.

दुसऱ्या मॅचमध्ये गावाच्या टीमकडून हरेश घरत खेळत होता. तेविसेक वर्षांचा, उंच, बचावातला सगळ्यात चांगला खेळाडू. मैदानाच्या रेषा पण तोच आखायचा, चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन, मॅचच्या आधी. एका मोठ्या कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून भरती होणार होती, त्यात त्याचं नाव लागेल असं सगळे म्हणायचे. घरात नोकरी करणारं कुणी नव्हतं. बापाची मिठागरातली मजुरी सुटलेली.

उत्तरार्धात कॉर्नर झाला. चेंडू उलटा उडाला, हरेश त्याच्याकडे बघत मागे धावला, मीही चेंडूकडेच बघत होतो — धडकलो. दोघे चिखलात. पडताना त्याचा हात माझ्या खिशात अडकला आणि खिसा टरकन फाटला. आधी तो उठला. मला काखेत हात घालून उभं केलं. "लागला काय सर?" स्वतःच्या टॉवेलने माझ्या गुडघ्यावरचा चिखल पुसला. माझी कार्डं खाली पडलेली, पिवळं आणि लाल, ती उचलून, पुसून माझ्या हातात दिली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हऱ्या, दे रेफरीलाच रेड कार्ड! लई शिट्ट्या मारतो!" सगळं मैदान हसलं. मीपण हसलो.

मॅच पाचला संपली. नंतर मी चहा घेतला. हेही सांगतो. पाच वाजून गेले होते, आता जाऊन उपयोग नव्हता, म्हणून बसलो आणि चहा घेतला.

घरी पोचलो तेव्हा सहाला पाच-सात मिनिटं कमी असतील. शोभा दाराशी स्टुलावर बसली होती. आमसुली काठाची साडी, पायात चपला. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल. मंजू आत झोपलेली. शोभाने माझ्याकडे बघितलं. ओरडायला तोंड उघडलं असणार तिने — मला तसं वाटलं — पण तिची नजर माझ्या छातीवर गेली, लोंबणाऱ्या खिशावर.

"हे काय झालं?"

आणि मी म्हणालो, "मारामारी झाली. एकाने अंगावर हात टाकला. निघताच आलं नाही."

सायकलवरून येताना हे ठरवलं नव्हतं. तिनेच रस्ता दाखवला आणि मी त्यावरून गेलो, इतकं सोपं होतं ते. तिचा चेहरा माझ्यादेखत बदलला. राग होता तिथे काळजी आली. तिने चपला काढल्या. फाइल कपाटावर ठेवली. हळद घालून दूध केलं. माझ्या गुडघ्याला साधं खरचटलं होतं, ते कापसाने पुसलं. शर्ट मागून घेतला, काळा दोरा शोधला, सापडला नाही, मग निळा ओवला. मुलाखतीविषयी ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, "जाऊ दे, माणूस धड घरी आला."

इथे थांबलं असतं, तर ती नवरा-बायकोतली एक थाप राहिली असती.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर पेडणेकर राहायचे, लीगचे सेक्रेटरी. सोमवारी सकाळी मी ऑफिसला गेल्यावर शोभा वर गेली आणि सांगून आली. संध्याकाळी मला म्हणाली, "तुम्ही काही बोलणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून मीच सांगितलं. माणसाला मारतात म्हणजे काय!" मी काही म्हणायच्या आत पेडणेकर दारात. हातात रिपोर्टचा फॉर्म. शोभा चहा टाकून, ट्रे घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"काय हो जाधव, एवढं झालं आणि बोलला नाहीत? खरं म्हणजे काल तुमचे उपकारच. तुम्ही ती दुसरी—"

दुसरी मॅच. ते म्हणणार होते, तुम्ही ती दुसरी मॅच आपणहून घेतलीत. शोभा माझ्या मागे होती. ते वाक्य पुरं झालं असतं तर तिला सगळं कळलं असतं. ते पुरं होऊ नये म्हणून तोंडात जे आलं ते मी मोठ्याने बोललो.

"हरेश घरत."

तेच नाव का? खिसा त्याच्या हाताने फाटला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. खोट्याला खुंटी लागते. ती तयार होती.

पेडणेकरांचं वाक्य तिथेच तुटलं. "हरेश? तो तर साधा पोरगा." मग खांदे उडवून म्हणाले, "असो. रेफरी म्हणतो म्हणजे झालं." फॉर्म पुढे केला. मी लिहिलं: खेळाडूने जाणूनबुजून पंचांच्या अंगावर धावून येऊन धक्का दिला व शर्ट फाडला. शिवीगाळ केली. अक्षर माझं चांगलं आहे. खाली कार्बन घातला होता. एक प्रत रेफरीकडे राहते. माझ्याकडे आहे.

आमच्या लीगमध्ये रेफरीच्या रिपोर्टवर बाकी कुणाची साक्ष चालत नाही. टीमचे लोक येऊन म्हणाले, "अहो, सगळं मैदान हसत होतं, सर सोता हसत होते." त्यांना सांगण्यात आलं, की टीम आपल्या खेळाडूची बाजू घेणारच. हरेशवर त्या सीझनपुरती बंदी आली. नोकरीच्या भरतीला लीगचं प्रमाणपत्र लागायचं, पण भरती सीझननंतर होती. मी स्वतःला म्हणालो, तोवर बंदी संपेल. काही बिघडत नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तो घरी आला.

मी आत, स्वयंपाकघरात होतो. मंजूच्या खपल्यांना लोशन लावत होतो. मध्ये एक पडदा. शोभाने दार उघडलं.

"वैनी, सर हायत?"

"आपण कोण?"

"मी हरेश. हरेश घरत."

पडद्याच्या फटीतून मला शोभाची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. "लाज नाही वाटत? माणसाला मारायचं आणि वर त्याच्या दारात यायचं?"

"वैनी, मी नाय मारला. सरांना इचारा. मी हिकरंच उबा ऱ्हातो, तुमी फकस्त इचारा. सर खोटा नाय बोलनार."

मंजूने मला विचारलं, "बाबा, कोण आलंय?" मी तिच्या तोंडावर बोट ठेवलं.

त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. जिताडा — खाडीतला मोठा, मानाचा मासा. ही त्यांच्याकडची रीत आहे. मोठ्या माणसाकडे, साहेबाकडे, गुरुजींकडे जायचं तर जिताडा न्यायचा. मागणं असो, नसो. ही रीत मला माहीत होती. गावाच्या मैदानावर इतकी वर्षं जात होतो, कसं माहीत नसणार? शोभाला माहीत नव्हती. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मासा आमच्यात पाहुणा.

"आणि हे काय? लाच?"

"लाच नाय वो वैनी. मोठ्या मानसाकं जाताना रिकामे हातान जात नाय आमच्यात."

"उचला ते. माझा नवरा विकाऊ नाही."

असं म्हणाली ती. माझा नवरा विकाऊ नाही. आणि दार लावलं. आत आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही बाहेर आला नाहीत ते बरं केलंत." मी लोशनचं झाकण लावलं. बाहेर तो किती वेळ उभा होता मला माहीत नाही. जिन्यावर पावलं वाजली ती बऱ्याच वेळाने.

जिताडा त्याने उंबऱ्याबाहेर ठेवला होता. दुपारी पेडणेकर जिन्यातून वर जाताना थांबले. ते कोकणातले, मासा ओळखतात. "हा कुणी पाठवला?" शोभाने सांगितलं. खरं सांगितलं, तिला जे खरं वाटत होतं ते.

त्यावर पुन्हा बैठक झाली. रेफरीला घरी वस्तू नेऊन देणं म्हणजे फार झालं, त्याचं नाव लीगच्या रजिस्टरमधून कायमचं काढा, असं काहींचं मत. पेडणेकर तसे मऊ माणूस. बैठकीआधी त्यांनी मला एकट्याला गाठलं. खाली, सायकली लावायच्या जागेत. शोभा नव्हती. कुणीच नव्हतं.

"जाधव, पोराची नोकरी जाईल हो. प्रमाणपत्रच मिळणार नाही त्याला. तुम्ही म्हणत असाल तर सांभाळून घेतो. तुमच्या एका शब्दावर आहे."

हे मला तुम्हाला सांगायचं होतं. एवढं सगळं ह्याच्यासाठी. रविवारचा खोटेपणा घाईत झाला असं म्हणता येईल, सोमवारचा भीतीने. पण इथे घाई नव्हती, भीतीही नव्हती. संध्याकाळ होती, मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. 'त्याने धक्का दिला नाही' असंसुद्धा म्हणायची गरज नव्हती. 'जाऊ द्या, माफ करा' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यात माझाच मोठेपणा दिसला असता. खोटं तसंच झाकलेलं राहिलं असतं आणि त्याची नोकरीही वाचली असती.

मी पंपाचा दट्ट्या दाबत म्हणालो, "नियमाप्रमाणे करा."

का म्हणालो? ह्या प्रश्नाशी मी खूपदा जाऊन उभा राहिलोय. आत काही सापडत नाही. तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. आलेलं पत्र, शिक्का, नंबर, पुढे.

त्याचं नाव काढलं. नोकरी गेली. म्हणजे लागलीच नाही.

शाळेची ती जागाही भरली गेली होती. शोभा नंतर मंजूच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाऊन आली, तिथल्या बाई हळहळल्या, बस. मग तिने घरातच शिकवण्या सुरू केल्या. स्वयंपाकघरात चटई टाकून सहा-सात मुलं. ती चांगलं शिकवते. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो.

माझे रविवार वाचले. हेही लिहायला हवं. त्यानंतर शोभा मला कधी "लवकर या" म्हणाली नाही. दारात यायची आणि म्हणायची, "सांभाळून या." अजून आठ वर्षं मी रेफरी होतो. उशीर झाला की ती रागवायची नाही, माझ्या अंगावर नजर फिरवायची, कुठे लागलंय का बघायला. दोन-तीनदा मी मुद्दाम चिखल तसाच ठेवून घरी आलो.

आणि हरेश? तो येत राहिला मैदानावर. खेळायची बंदी होती, रेषा आखायची नव्हती. दर रविवारी मॅचच्या आधी फक्कीचं घमेलं घेऊन तो वाकून रेषा आखायचा, मग बाहेर जाऊन उकिडवा बसायचा. मी मैदान तपासायचो, ते रेफरीचं कामच असतं. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षी एकदा, पेनल्टीच्या चौकोनापाशी, तो माझ्या पुढ्यात येऊन थांबला. हात कोपरापर्यंत पांढरे.

"सर, बगा. रेश बरोबर हाय ना?"

मी पावलं टाकून मोजली.

"बरोबर आहे," म्हणालो.

आमच्यात त्यानंतर बोलणं झालं नाही. पुढे एका वर्षी रेषा दुसराच कुणीतरी आखायला लागला. कुणी म्हणतं, हरेश द्रोणागिरीकडे गोदामावर आहे, कुणी म्हणतं ट्रेलर चालवतो. मी चौकशी केलेली नाही.

मंजूचं लग्न झालं. ती शिकवते, खारघरला, कॉलेजात. माहेरी आली, की कधीतरी आईला म्हणते, "आई, तू शाळेत लागली असतीस तर आज हेडमिस्ट्रेस असतीस." शोभा म्हणते, "अगं, त्या दिवशी तुझ्या बाबांना मारलं होतं लोकांनी." आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवतो. गेल्या दिवाळीतही हलवली.

कार्बनची प्रत मी काल काढली. निळी अक्षरं पुसट झालीत, पण वाचता येतात. रिपोर्ट परत लिहायचा झाला तर असा होईल.

दुसरा सामना. उत्तरार्ध. कॉर्नरनंतर बचावपटू हरेश घरत आणि पंच यांची टक्कर. दोघेही चेंडूकडे बघत होते. पंच पडले, खिसा फाटला. खेळाडूने पंचांना उठवले. चिखल पुसला. कार्डे उचलून परत दिली. शिवी दिली नाही. धक्का दिला नाही. हा सामना घेण्यासाठी पंचांवर कुणीही जबरदस्ती केली नव्हती. सामना वेळेत संपला. नंतर पंचांनी चहा घेतला. पंचांच्या घरी एक बाई चपला घालून, मांडीवर फाइल घेऊन दाराशी बसली होती. हे पंचांना माहीत होते. पंचांच्या दोन्ही घड्याळांत वेळ बरोबर होती.